चौदा मनोऱ्यांचे गाव

इटली म्हटले की आपल्याकडे रोम, व्हेनिस आणि पिसाचा झुकता मनोरा एवढीच नावे निघतात. त्या देशाचे खरे रूप मात्र टेकड्यांवरच्या गावांत आहे. टस्कनी नावाच्या मुलुखात फ्लॉरेन्सहून दक्षिणेकडे निघाले की जवळजवळ प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर तटबंदीचे एक गाव बसलेले दिसते. उतारावर द्राक्षांचे मळे, ऑलिव्हची झाडे आणि मधूनच सरळसोट उभी सुरूची रांग. गावे माथ्यावर का गेली, ह्याचे कारण सोपे आहे. दरीत दलदल आणि हिवताप, शिवाय शत्रूचे लष्कर जायचे तेही दरीतूनच. माथ्यावर बसले की चहूकडचे दिसते आणि वेशीचा दरवाजा लावून घेता येतो.

ह्या गावांपैकी सर्वांत प्रसिद्ध, आणि म्हणूनच सर्वांत जास्त गर्दीचे गाव म्हणजे सान जिमिन्यानो. समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटर उंचीवर हे वसलेले आहे. एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत चालत पंधरा मिनिटेही लागत नाहीत. एवढ्याशा जागेत एकेकाळी बहात्तर दगडी मनोरे होते, असे सांगतात. आज चौदा उरले आहेत. ते चौदा पाहायला जगभरातून वर्षाला लाखो माणसे येतात. गेल्या सप्टेंबरात त्या लाखोंत आमचीही भर पडली.

आमच्यासारखा कारकून इटलीत कसा पोहोचला, हे वाचकांच्या मनात येणारच. आमची भाची सरकारी परदेश शिष्यवृत्तीवर बोलोन्याच्या विद्यापीठात शिकते आहे. "मामा, मी इथे आहे तोवर मामीला घेऊन या, राहण्याचा खर्च वाचेल," असे तिने पत्रात आणि फोनवर इतके वेळा लिहिले-सांगितले की आम्ही तीन वर्षे आवर्ती ठेवीत पैसे टाकून तिकिटापुरते जमवले. आम्ही वाणिज्य शाखेचे. येण्याजाण्याचा हिशेब बसला तेव्हाच पाऊल उचलले. सान जिमिन्यानोला जायचे ठरले तेव्हा भाचीने बजावले, "सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच ह्या वेळात तिथे जाल तर दादरच्या पुलावर उभे राहिल्यासारखे होईल. एक रात्र राहा, मगच गाव दिसेल." हा सल्ला मोलाचा होता, आणि जो कोणी जाईल त्याने तो मानावा.

त्या गावाला रेल्वे नाही. फ्लॉरेन्सहून गाडीने तास-सव्वा तासात पोज्जिबोन्सी नावाच्या स्टेशनवर उतरायचे आणि तिथून बसने वीस-पंचवीस मिनिटे चढ चढायचा. तिकीट आधी घ्यावे. तंबाखू-सिगारेटच्या दुकानात बसची तिकिटे मिळतात. दुकानावर पांढऱ्या 'टी' अक्षराची पाटी असते. रेल्वेचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावे लागते. तसे केले नाही तर तिकीट जवळ असूनही दंड बसतो.

पोज्जिबोन्सीत उतरणारा प्रवासी सहसा मागे वळून पाहत नाही, कारण तिथे पाहण्यासारखे काही नाही असे सगळी मार्गदर्शक पुस्तके सांगतात. आम्ही मात्र बसची वाट पाहताना तासभर त्या गावात फिरलो. साधी सिमेंटची घरे, दोऱ्यांवर वाळणारे कपडे, शाळेतून सुटलेली पोरे, आणि कडेला कारखाने. १९४३-४४ मध्ये विमानांनी ह्या गावावर बॉम्ब टाकले, कारण रेल्वेचा फाटा इथेच होता. जुने गाव गेले, म्हणून इथे पाहण्यासारखे काही नाही! युद्धानंतर फर्निचरचे आणि पुढे प्रवासी घरगाड्यांचे कारखाने ह्या खोऱ्यात उभे राहिले. लोक सुट्टीत ज्या गाड्यांत झोपतात, त्या गाड्या इथल्या कामगारांनी जोडलेल्या असतात. वरच्या गावाची गोष्ट खालच्या गावाशिवाय पुरी होत नाही, हे पुढे कळेलच.

बस वळणे घेत चढू लागली आणि द्राक्षमळ्यांवर एकदम ते मनोरे दिसले. कोणी त्यांना मध्ययुगातले न्यूयॉर्क म्हणतात. आम्हांला ती उपमा पटली नाही. उंच इमारतीत माणसे राहतात किंवा कचेऱ्या असतात. ह्या मनोऱ्यांत राहण्यासारखी जागाच नव्हती. खाली भिंती इतक्या जाड की आतली खोली जेमतेम कोठीएवढी. खिडक्या नावाला. वर जायला लाकडी शिड्या, बाहेरून लाकडी सज्जे. धुराची आणि आगीची भीती म्हणून चूल पुष्कळदा सर्वांत वर. मग बांधले कशासाठी? थोडे संरक्षणासाठी, आणि बरेचसे शेजाऱ्याला दाखवण्यासाठी.

पैसा कुठून आला, हे पाहण्यासारखे आहे. उत्तर युरोपातून रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंचा जुना रस्ता ह्याच टेकडीवरून जात होता. सन ९९० च्या सुमारास इंग्लंडमधल्या कँटरबरीचा धर्मगुरू सिगेरिक रोमहून परतताना ज्या मुक्कामांची यादी करून गेला, तीत हे गाव आहे. यात्रेकरू आले की खानावळी आल्या, सराफ आले, सावकार आले. ११९९ मध्ये गावाने व्होल्तेर्राच्या बिशपची सत्ता झुगारून आपला कारभार आपल्या हाती घेतला. त्यातच केशराचा व्यापार वाढला. इथल्या केशराला इतकी किंमत होती की १२२८ मध्ये एका वेढ्यासाठी काढलेले कर्ज गावाने केशर देऊन फेडले, अशी नोंद आहे. सोन्याऐवजी केशर! आम्ही जमाखर्चाची वही आयुष्यभर लिहिली, पण अशी नोंद करण्याची वेळ कधी आली नाही.

आज दुकानात त्या केशराची इवलीशी डबी काचेच्या कपाटात कुलूपबंद असते. एका फुलात तीन तंतू. एक किलो केशराला सुमारे दीड लाख फुले लागतात. ती ऑक्टोबरात पहाटे, पाकळ्या उघडण्याच्या आत, वाकून हाताने तोडायची आणि त्याच दिवशी तंतू वेगळे करून निखाऱ्याच्या धगीवर वाळवायचे. सातशे वर्षांपूर्वी ही दीड-दीड लाख फुले वाकून कोणी तोडली, त्यांची नावे कुठेच नाहीत. ज्यांनी विकली त्यांची नावे मनोऱ्यांना आहेत.

दोन घराणी मोठी होती, अर्दिंगेल्ली आणि साल्वुच्ची. एक पोपच्या बाजूचे, दुसरे सम्राटाच्या. ह्यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्या चालले. एकाने मनोरा चढवला की दुसऱ्याने त्याहून उंच. शेवटी १२५५ मध्ये गावाने कायदा केला की नगरसभेच्या मनोऱ्यापेक्षा कोणाचाही खासगी मनोरा उंच असता कामा नये. तो मनोरा ५१ मीटरचा आहे. साल्वुच्चींनी ह्यावर तोड काढली असे सांगतात. कायद्यात बसणारे दोन मनोरे शेजारी-शेजारी बांधले. वेगवेगळे मोजले तर कायदेशीर, एकत्र मोजले तर सर्वांत उंच. हे जुळे मनोरे आजही उभे आहेत. कायद्याची पळवाट शोधण्याची विद्या किती जुनी आणि किती सार्वत्रिक आहे, हे पाहून आम्हांला हसू आले.

ह्याच गावाची एक रीत मात्र शिकण्यासारखी होती. गावचा मुख्य अधिकारी, ज्याला ते 'पोदेस्ता' म्हणत, तो मुद्दाम परगावचा नेमायचे आणि थोड्याच काळासाठी. गावात सोयरीक नाही, हितसंबंध नाहीत, म्हणजे निवाडा तरी सरळ होईल. मुदत संपल्यावर त्याच्या कारभाराची तपासणी व्हायची. सरकारी नोकरीत बदलीचे नियम आहेत त्यांचे हे आजोबा म्हणावेत. १३०० च्या मे महिन्यात कवी दान्ते फ्लॉरेन्सचा वकील म्हणून इथे आला आणि नगरसभेच्या दालनात बोलला. ते दालन दाखवतात. तिथे भिंतीवर लिप्पो मेम्मी ह्या चित्रकाराचे १३१७ चे मोठे चित्र आहे.

नगरसभेच्याच वाड्यातून 'तोर्रे ग्रोस्सा' म्हणजे थोरला मनोरा चढता येतो. १३११ मध्ये तो पुरा झाला. ५४ मीटर उंच, २१८ पायऱ्या. सौ.ला गुडघ्याचा त्रास, म्हणून ती चौकात विहिरीच्या पायऱ्यांवर बसली आणि आम्ही नि भाची चढलो. जिने आता लोखंडी आहेत, धडधाकट माणसाला अवघड नाही. वरून सगळे खोरे दिसते. पण आमचे लक्ष समोरच्या मनोऱ्यांच्या भिंतींकडे गेले. त्या भिंतींत ओळीने चौकोनी भोके आहेत. ती कबुतरांसाठी ठेवलेली नाहीत. बांधकाम चढत जाताना परांचीची लाकडे त्यांत खोवायची; काम झाल्यावर लाकडे काढून घेतली, भोके राहिली. म्हणजे प्रत्येक भोकापाशी एकेकाळी गवंडी आणि बिगारी पन्नास मीटर उंचीवर लाकडावर उभा होता. आमचे वडील बिगारी होते. घराण्याचे नाव मनोऱ्याला आणि त्या माणसाची खूण म्हणून एक भोक. मनोरे पाहताना आम्ही ती भोकेच पाहत राहिलो.

आता वाचक विचारतील की बाकीचे मनोरे गेले कुठे आणि हे उरले कसे. इथेच ह्या गावाचे खरे मर्म आहे. १३४८ मध्ये प्लेग आला. त्यापूर्वी गावची वस्ती तेरा हजारांच्या आसपास होती असे मानतात. तिचा मोठा हिस्सा काही महिन्यांत गेला. व्यापार बसला. घराण्यांच्या भांडणात आधीच खिळखिळे झालेले गाव १३५३ मध्ये फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेले. फ्लॉरेन्सने गावावर लक्ष ठेवायला वरच्या बाजूला किल्ला बांधला. त्याच्या पडक्या तटात आता बाग आहे आणि तिथून मनोऱ्यांचे दर्शन फुकट होते. यात्रेकरूंचा रस्ताही हळूहळू खालच्या दरीत सरकला. गाव गरीब झाले. इतके गरीब की जुने पाडून नव्या तऱ्हेचे वाडे बांधायला कोणाजवळ पैसे उरले नाहीत. फ्लॉरेन्समध्येही असे मनोरे शेकड्यांनी होते. तिथे पैसा होता, म्हणून ते पाडून राजवाडे झाले. सान जिमिन्यानोत पडले ते पडले, उभे राहिले ते राहिले. दारिद्र्याने जे राखले, ते १९९० मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. आज जग पैसे मोजून पाहायला येते ते त्या दारिद्र्याने न पाडलेले गाव आहे.

दुपारचा देखावा सांगतो. खालच्या वेशीतून आत जाणारा रस्ता दहा-बारा हात रुंद. दोन्ही बाजूंना दुकाने: चामड्याच्या पिशव्या, रंगीत मातीची भांडी, रानडुकराच्या मांसाचे लोंबते तुकडे, केशर, आणि गावची प्रसिद्ध पांढरी दारू व्हेर्नाच्चा. आपल्या वाचकांना त्या दारूशी कर्तव्य नाही, पण तिचा उल्लेख तेराव्या शतकापासून आहे आणि १९६६ मध्ये इटलीत सरकारी नाममुद्रा मिळालेली ती पहिली दारू, एवढे सांगून पुढे जातो. फ्लॉरेन्सहून आलेल्या बसमधली माणसे झेंडेवाल्या वाटाड्यामागे रांगेने चालली होती. ती अडीच तासांत मनोरे, चौक, आइसक्रीम आणि फोटो उरकून परत बसमध्ये चढतात. विहिरीच्या चौकात आइसक्रीमच्या दुकानापुढे आम्ही मोजली तर शंभरावर माणसे रांगेत होती. एका मनोऱ्यात यातनांच्या हत्यारांचे संग्रहालयही काढले आहे. माणसाला छळण्याच्या युक्त्या तिकीट काढून पाहण्यात आम्हांला रस नव्हता. ते पैसे वाचले.

ह्याच गर्दीत सौ.च्या साडीची पिन तुटली. गोष्ट क्षुल्लक, पण ह्या गावाविषयी तिने जे शिकवले ते पुस्तकात नव्हते. आम्ही त्या रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक साधी टाचपिन शोधत फिरलो. तीनशे युरोची पिशवी दहा दुकानांत मिळत होती. सुई, दोरा, बटण, पिन कुठे नाही. शेवटी एका दुकानातल्या बाईने आपल्या टेबलाच्या खणातून काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. ती म्हणाली, आणि भाचीने भाषांतर केले, "इथे असल्या वस्तू विकून दुकानाचे भाडे निघत नाही. मीसुद्धा पोज्जिबोन्सीहून येते."

चित्रांसाठी मात्र हे गाव दोनदा पाहावे. मोठ्या चर्चच्या दोन्ही भिंती वरपासून खालपर्यंत चित्रांनी भरल्या आहेत. एका बाजूला बायबलचा जुना करार. तो बार्तोलो दी फ्रेदी ह्या चित्रकाराने १३६७ मध्ये रंगवला. दुसऱ्या बाजूला येशूचे चरित्र. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी ही भिंतीवरची पोथी होती. पद्धत अशी की ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावायचा. चुना वाळताना रंग भिंतीतच मुरतो. त्यामुळे एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा. बारकाईने पाहिले तर दिवसा-दिवसाचे सांधे दिसतात. आपली अजिंठ्याची चित्रे ह्याहून आठ-नऊशे आणि काही तर दीड हजार वर्षांनी जुनी, आणि ती कोरड्या गिलाव्यावरची आहेत. हे आठवण्याचे कारण असे की १९२० ते १९२२ ह्या काळात निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी इटलीहूनच चेक्कोनी आणि ओर्सिनी ह्या दोन जाणकारांना बोलावले होते. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पुन्हा भिंतीला धरवला, ते मोठे काम झाले. पण वरून जे लाखेचे रोगण दिले ते पुढे पिवळे पडले आणि चित्रांवर झाकोळ आला. लेण्यांत गेल्यावर जो पिवळसर थर दिसतो त्याची ही एक हकीकत आहे.

गावाच्या दुसऱ्या टोकाला सान्त आगोस्तीनोचे चर्च आहे. तिथवर गर्दी पोहोचत नाही. बेनोत्सो गोत्सोली ह्याने १४६४-६५ मध्ये तिथे संत ऑगस्टीनचे चरित्र रंगवले. हा संत उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियात जन्मला. पहिलेच चित्र शाळेचे. आईबाप पोराला गुरुजींच्या स्वाधीन करत आहेत आणि शेजारीच तेच गुरुजी दुसऱ्या एका लहानग्याच्या उघड्या ढुंगणावर छडी उगारून उभे! साडेपाचशे वर्षांपूर्वीची शाळा, पण ज्यांनी आमच्यासारखी नगरपालिकेच्या शाळेत चौथी काढली त्यांना ओळखीची वाटेल. ह्याच चर्चमध्ये त्याच चित्रकाराचे संत सेबॅस्टियनचे चित्र आहे. त्याच्या अंगरख्याखाली गावची माणसे दाटीने उभी आहेत आणि आकाशातून येणारे बाण त्या अंगरख्यावर आपटून मोडताहेत. १४६४ मध्ये पुन्हा प्लेग आला होता, त्यानंतर गावाने हे काढून घेतले. बाण म्हणजे रोग.

गावची आणखी एक संत आहे, फिना. मोडकळीस आलेल्या घरातली ही मुलगी दहाव्या वर्षी अंथरुणाला खिळली आणि लाकडी फळीवर पाच वर्षे काढून १२५३ मध्ये वारली. तिच्या मृत्यूच्या वेळी मनोऱ्यांवर पिवळी फुले उमलली वगैरे चमत्कार आम्ही बाजूला ठेवतो. आम्हांला महत्त्वाचे वाटले ते हे की ती गेल्यावर थोड्याच वर्षांत लोकांनी वर्गणी काढून तिच्या नावाने दवाखाना उभा केला. त्यात वाटसरू आणि गोरगरीब यांना औषधपाणी मिळे. त्या दवाखान्याचे जुने औषधालय संग्रहालय म्हणून जपले आहे. बरण्यांवर औषधांची नावे आहेत. मनोऱ्यांपेक्षा त्या बरण्यांपुढे आम्ही जास्त वेळ उभे राहिलो, हे कबूल करण्यात आम्हांला संकोच नाही.

संध्याकाळी सहा वाजता बसगाड्या निघून गेल्या. अर्ध्या तासात रस्ता इतका रिकामा झाला की आमच्या चपलांचा आवाज ऐकू येऊ लागला. चौकातली दुकाने फळ्या लावत होती. मनोऱ्यांवर कावळ्यांच्या जातीचे लहान पक्षी घिरट्या घालत होते. गाव सुंदर दिसत होते, यात शंका नाही. पण वर नजर टाकली तर तीन-चार घरांत मिळून एका खिडकीत दिवा. संपूर्ण नगरपालिकेची वस्ती आज सात-साडेसात हजारांच्या घरात आहे, आणि त्यांतले बहुसंख्य तटाबाहेर, वाड्या-वस्त्यांत राहतात. आतली घरे पुष्कळशी पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने दिलेली.

आम्ही तटालगतच्या एका मठात पाहुण्यांच्या खोलीत उतरलो होतो. बिलावर माणशी, रात्रीमागे पर्यटन कर वेगळा लावलेला होता, पावतीसह. दिवसा येऊन दिवसा जाणारा हा कर देत नाही. कचरा मात्र तोच जास्त करतो. रात्री जेवून परतताना एका खानावळीच्या मागच्या दाराशी पायरीवर एक तरुण ॲप्रन गुंडाळून बसला होता. आमच्याकडे पाहून त्याने हिंदीत विचारले, "इंडिया से?" तो बांगलादेशातल्या सिलहटचा. भांडी धुण्याच्या कामावर सहा वर्षे आहे. पोज्जिबोन्सीत चौघांत मिळून एक घर. शेवटची बस चुकली तर स्वयंपाक्याच्या स्कूटरवर जातो, तोही नसेल तर बारा किलोमीटर पायी. आम्ही विचारले, ह्याच गावात खोली का घेत नाही? तो हसला. "दादा, इथे खोली रात्रीच्या हिशेबाने मिळते. मला महिन्याच्या हिशेबाने पाहिजे." मनोऱ्यावर कधी चढलास का, असे सौ.ने विचारले. नाही चढला. सुट्टी सोमवारी असते, त्या दिवशी तो झोपतो.

हे सगळे पर्यटकांनी बिघडवले असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण आधीची हकीकतही लक्षात घ्यावी. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ह्या टेकड्यांवरची जमीन मोठ्या मालकांची होती आणि कुळे ती अर्धेलीने कसत. निम्मे पीक मालकाला. घर मालकाचे, निघ म्हटले की निघायचे. युद्धानंतर कुळे संघटित झाली, लढली, आणि कारखान्यांत काम मिळू लागताच हजारोंनी जमीन सोडून खोऱ्यात उतरली. १९६४ मध्ये कायद्याने नवे अर्धेलीचे करार बंद झाले. त्यांनी ओस टाकलेली दगडी घरे पुढे शहरातल्या आणि परदेशातल्या श्रीमंतांनी घेतली, त्यांना पोहण्याचे तलाव जोडले आणि 'जुन्या ग्रामीण जीवनाचा आनंद' म्हणून भाड्याने दिली. त्या आनंदात निम्मे पीक मालकाला द्यावे लागत होते, हे जाहिरातीत नसते. कुळांची नातवंडे पोज्जिबोन्सीच्या सिमेंटच्या घरात राहतात आणि त्यांच्या न्हाणीघरात चोवीस तास पाणी आहे. त्यांना परत वर जायचे आहे का, असे विचारले तर कितीजण हो म्हणतील, शंकाच आहे.

तरीही गर्दीवरच जगणारे गाव किती हलके असते, ते मार्च २०२० मध्ये दिसले. करोनामुळे सगळी इटली बंद झाली. जिथे सुई-दोऱ्याचे दुकान नाही तिथे एकाएकी पिशव्यांची दुकानेही बंद, आणि भांडी धुणाऱ्याला धुवायला भांडी नाहीत. सिलहटच्या त्या तरुणाने आम्हांला सांगितले की त्याचे ते वर्ष उसनवारीवर गेले. तटाचे दगडही हल्ली कुरकुरतात. २०१८ च्या एप्रिलमध्ये जुन्या तटबंदीचा एक भाग कोसळला. दुरुस्तीला पैसा लागतो, तो पर्यटकांकडूनच येतो. म्हणजे गर्दी नको म्हणावे तर तट पडेल, आणि हवी म्हणावी तर तटाच्या आत कोणी राहणार नाही. हा हिशेब आम्ही रात्री बराच वेळ मांडला. ताळेबंद जुळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तटाबाहेरच्या बसथांब्याच्या चौकाचे नाव भाचीने वाचून दाखवले: 'मोन्तेमाज्जोचे हुतात्मे'. २८ मार्च १९४४ रोजी जवळच्या मोन्तेमाज्जो डोंगरात फॅसिस्टांनी एकोणीस तरुण देशभक्तांना उभे करून गोळ्या घातल्या. बहुतेक सगळे ह्याच खोऱ्यातले, विशीतले. रोज हजारो पर्यटक ह्या नावाच्या पाटीखाली उतरतात. त्याच उन्हाळ्यात इटलीच्या टेकड्यांवर आपले मराठी शिपाईही लढत होते. आजच्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा पलटणीचे, १० जुलै १९४४ रोजी पूर्वेकडच्या वरच्या टायबर खोऱ्यात एकट्याने मशीनगनचे ठाणे जिंकून धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथल्या मोन्तोने नावाच्या, अशाच टेकडीवरच्या जुन्या गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सावलीच्या घड्याळाचे स्मारक उभारले. आमच्याजवळ दिवस कमी होते, जाता आले नाही. जो मराठी माणूस त्या बाजूला जाईल त्याने मोन्तोने चुकवू नये.

आम्ही गेलो तो वार बुधवार होता, आणि हे सुदैवच. कारण गुरुवारी सकाळी सान जिमिन्यानोचा आठवडेबाजार भरतो. चौकात, त्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी, गाड्यांच्या फळ्या उघडतात आणि मोजे, बनियन, ताज्या चीजचे गोळे, अंजीर, कोंबड्या भाजण्याचे यंत्र, सगळे मांडले जाते. आजूबाजूच्या वस्त्यांतून म्हाताऱ्या बायका चाकाच्या पिशव्या ओढत येतात. नऊ वाजेपर्यंत चौकात फक्त त्यांचाच आवाज होता. सौ.ने एका गाडीवर टाचपिनांचे एक कार्ड घेतले, एका युरोला बारा. शेजारी उभ्या एका आजीबाईंनी तिच्या साडीचा पदर हातात घेऊन कापड पाहिले आणि भाचीला विचारले, हे किती लांब असते? भाचीने सांगितले, साडेपाच मीटर. आजीबाई म्हणाल्या की त्या शिवणकाम करत असत आणि तटाच्या आतल्या घरात जन्मल्या, अजून तिथेच राहतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिन्यातली बाकी सगळी घरे पाहुण्यांची आहेत. रोज नवे शेजारी, रोज नवी भाषा, पण चांगले वागतात बिचारे, दार उघडून देतात. बाजाराची पिशवी वर नेण्यात त्यांना मदत करू का, असे भाचीने विचारले. त्यांनी पिशवी लगेच तिच्या हातात दिली.

साडेदहाला पहिली पर्यटक बस आली तेव्हा आम्ही त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी पीत होतो. खिडकीतून समोर मनोऱ्याची भिंत, आणि भिंतीत परांचीची भोके. एकात पारव्याने घरटे केले होते.